चांगुणेच्या गळ्यातला टाक

वाशिंदला रुळांच्या पलीकडे एक पत्र्याची शेड आहे. बाहेर पाटी नाही. आत छपाईचं एक लांबलचक मशीन आणि सहा टेबलं. मशीनमधून कॅनव्हासवर चित्रं छापून निघतात: डोंगर, धावणारे घोडे, कमळं, बुद्ध, छत्री घेऊन चाललेली परदेशी बाई. छापलेलं चित्र हाताला गुळगुळीत लागतं. मग ते टेबलावर येतं आणि बायका ब्रशनं त्याच्यावर जेल चढवतात. लावताना हे जेल दुधासारखं पांढरं असतं. चार तासांनी सुकलं की काचेसारखं आरपार दिसतं, पण ब्रशचे फटकारे तसेच उठून राहतात. चित्र भिंतीवर टांगलं की बघणाऱ्याला वाटतं, कुणी चित्रकारानं महिनाभर खपून तैलरंगात काढलंय. ठाण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत अशी पुष्कळ चित्रं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रांवर सापगावच्या रंभाचा हात फिरलेला आहे.

ती कामाला आली तेव्हा मालक हनुमानशेठनं विचारलं होतं, "काय येतं तुमाला?"

"भात लावते. भाकऱ्या थापते. सारवता येतं."

"सारवता येतं? मग बसा त्या टेबलावर."

शेठला माणूस कळत होता. शेणाच्या सारवणात बोटांची कमान एकासारखी एक उमटवणाऱ्या बाईला ब्रश काय जड? सहा महिन्यांत रंभा शेडमधली पहिल्या नंबरची बाई झाली. कपड्यावर घडीच्या दिशेनं हात मारायचा, पाण्यावर आडवा, पानांवर टिपके. चेहऱ्याला सगळ्यात बारीक ब्रश, गालाच्या गोलाईनं फिरवायचा. डोळ्यांना जेल लावायचं नाही, नजर मरते. नव्या पोरींना हे सगळं तीच शिकवायची. उरलेलं जेल दह्याच्या डब्यात भरून घरी न्यायची. तिच्या घरात कॅलेंडरवरचा गणपतीसुद्धा तैलरंगातला दिसायचा आणि शेजारणी मुद्दाम बोट फिरवून बघायच्या.

शेडमध्ये ती पहिली होती. घरी मात्र बावीस वर्षं दुसरी.

रंभाचं माहेर मुरबाडकडचं, धसईचं. घरात पाच बहिणी, आणि ती जरा सावळी. तेविसाव्या वर्षी तिला सापगावच्या कुंडलिकला दिली. तो बिजवर होता. पहिली बायको, चांगुणा, कावीळ होऊन गेलेली, मागे तीन वर्षांची मुलगी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं, अंबूबाईनं, रंभाला पाटावर बसवलं आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. रुपयाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, तोंडाच्या जागी रेघ.

"ही तुझी सवत," अंबूबाई म्हणाली. "मोठी ती, बारकी तू. जे काय करशील ते आधी तिला, मग तुला. म्हंजे ती तरास देनार नाय."

रंभा तसं करत आली. नवं लुगडं आलं की घडी न मोडता आधी टाकाला दाखवायचं. सणाला पहिला घास टाकाला. हिरव्या बांगड्या भरल्या की एक काकण टाकापुढे ठेवायचं. दिवाळीला अंगाला तेल लावण्याआधी टाकाला तेल. जिवंत सवत निदान कधी माहेरी जाते, कधी आजारी पडते, कधी तिच्याशी भांडता येतं. ही गळ्यातच होती. रंभा वाकून भांडी घासायला लागली की पुढे लोंबायची, न्हाताना छातीला गार लागायची.

अंबूबाईची जीभही तिला विसरू द्यायची नाही. चांगुणेच्या भाकरीला पदर सुटायचा. चांगुणा लावणीला उतरली की ओळ कशी सुतात जायची. अंगणातला सोनचाफा चांगुणेनं लावलेला, त्याची फांदी तोडायची नाही. कुंडलिक यातलं काही बोलायचा नाही. तो पहिल्या बायकोचं नावही घ्यायचा नाही, आणि रंभाला तेच जास्त लागायचं. ज्याची आठवण येत नाही त्याचं नाव माणूस सहज घेतो.

एका गोष्टीनं मात्र तिला धीर होता. चांगुणेला चेहरा नव्हता. घरात तिचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि तोही रंभा यायच्या आधीच अंबूबाईनं पेटीत टाकलेला. तो दोन हजार पाचच्या पुरात, भातसेचं पाणी घरात शिरलं तेव्हा, भिजून काचेला चिकटला. काच काढताना अंग सगळं निघून गेलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक पुसट वाटोळं तेवढं राहिलं. तेही अंबूबाईनं पत्र्याच्या पेटीत परत ठेवून दिलं. बाकी उरला तो टाक. दोन ठिपके आणि रेघ. त्याच्यावर जळून जळून माणूस किती जळणार?

मुलगी तिनं वाढवली. मनस्वीला तिनंच शाळेत घातलं, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, गोवर निघाला तेव्हा एकवीस दिवस कडुनिंबाचा पाला अंथरला. रंभाला स्वतःचं मूल झालं नाही. मनस्वी तिला आये म्हणायची आणि मेलेलीला चांगुणाआई. रंभाला तो हिशेब मान्य होता, कारण चांगुणाआई फक्त म्हणायची होती, बघायची नव्हती.

मनस्वी आता पंचवीसची. कल्याणला एका ऑफिसात कामाला होती. यंदा तिचं लग्न मुरबाडच्या प्रणयशी ठरलं. लग्नाआधी तीन आठवडे, जेवताना, ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, चांगुणाआईचा फोटो मोठा करून घेते. शहापूरला एक स्टुडिओवाला आहे, तो कम्प्युटरवर सगळं नीट करतो. घरातून निघताना तिच्या पाया पडून निघाले असं तरी होईल."

कुंडलिक घास हातात धरून थांबला. मग म्हणाला, "कर."

"आये?"

"कर की," रंभा म्हणाली. "माझं काय जातंय." आणि तिनं आमटी वाढली ती ताटाबाहेर.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. लग्न मुरबाडच्या हॉलमध्ये होतं, साडेबाराचा मुहूर्त. सकाळी घरातून निघताना पोरगी मोठ्यांच्या पाया पडणार. बावीस वर्षं रंभानं सगळं आधी तिला दिलं, मग स्वतः घेतलं. हे एक तरी आपल्याला आधी मिळावं, असं तिला वाटत होतं. पोरगी आधी माझ्या पाया पडावी. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतं. मेलेल्या बाईशी चढाओढ करते म्हणून जग हसलं असतं.

लग्नाच्या आधीच्या बुधवारी हनुमानशेठनं तिच्या टेबलावर एक गुंडाळी ठेवली. "रंभाबाई, हे शहापूरच्या स्टुडिओचं. घरगुती आहे, जरा मन लावून करा. उद्या न्यायला येतील."

गुंडाळीला चिठ्ठी होती: मनस्वी, सापगाव.

रंभानं हात पुसले आणि कॅनव्हास उलगडला. आधी पदर दिसला, लाल, जरीचा. मग हात. मग चेहरा.

चांगुणा सुंदर होती. गोल तोंड, भरलेले गाल, ओठांच्या कोपऱ्यात हसू अडवून धरल्यासारखं. कम्प्युटरनं गालांवर गुलाबी ओतलं होतं ते वेगळं, पण ठेवण तिचीच असणार. आणि वय विशीतलं. रंभाचे केस कानावर पांढरे झाले, एक दाढ पडली, गुडघे बोलायला लागले. ही बया विशीतच राहिली होती आणि आता रंभाच्या ओटीवर, सोनेरी चौकटीत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसणार होती.

"कोन गो मावशी? हिरोईन हाय का?" शेजारच्या टेबलावरची रेश्मा वाकून बघत होती.

"हाय एक."

मग रंभाचं लक्ष पुन्हा हातांकडे गेलं. मांडीवर ठेवलेले दोन हात. उजव्या मनगटावर तव्याच्या कडेनं भाजल्याचा अर्धा चंद्र. डाव्या अंगठ्याचं नख विळ्यानं चिरलेलं, मधोमध उभी रेघ.

ते तिचे हात होते.

तिला तो फोटो आठवला. म्हशाच्या जत्रेत, मनस्वी सात वर्षांची असताना, तंबूतल्या फोटोवाल्याकडे काढलेला. रंभा खुर्चीवर बसलेली, पोरगी शेजारी उभी. स्टुडिओवाल्यानं पोरीला कापून काढलं होतं, मोरपंखी लुगडं लाल केलं होतं, आणि रंभाच्या मानेवर चांगुणेचं तोंड बसवलं होतं.

मेलीनं माझं अंगसुद्धा घेतलं. आधी लुगड्याची घडी, मग पहिला घास, मग नवरा, आणि आता खांदे, हात, बसण्याची ढब. माझं तोंड तेवढं नको होतं कोणाला.

आणि तेवढ्यात तिला टाक दिसला.

चित्रातल्या बाईच्या छातीवर, काळ्या दोऱ्यात, चांदीचा टाक होता. स्टुडिओवाल्याला तो दागिना वाटला असणार. मनस्वीच्या लक्षात आलं नसणार, तिनं जन्मभर तो या गळ्यात बघितलेला. जसा गळा तसा टाक. पण टाक कोण घालतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. टाक घालते ती दुसरेपणाची. चित्रातली चांगुणा स्वतःचाच टाक गळ्यात घालून बसली होती, कोणाची तरी बारकी सवत होऊन.

रंभाला एकदम हसू फुटलं. रेश्मानं वर बघितलं.

"काय झालं गो मावशी?"

"काय नाय. ब्रश दे तो बारका."

"गल्यात काय हाय तिच्या? बिल्ला?"

"दागिना."

खरं तर शेठला हाक मारायची होती. छपाई पुन्हा करायला अर्धा तास लागला असता. कम्प्युटरवर टाक पुसायला त्याहून कमी. रंभाला हे ठाऊक होतं. तिनं हाक मारली नाही. उलट ब्रश जेलमध्ये बुडवला आणि सगळ्यात आधी टाकावर चढवला. एकदा, दोनदा, तीनदा, चांगला जाड. ठिपके, रेघ, कड, सगळं बोटाला लागेल असं उठवलं. मग लुगड्याच्या एकेक घडीवरून जीव ओतून हात फिरवला. मग हात केले. नखावरची रेघ, भाजल्याचा चंद्र, बोटांची पेरं. असं काम तिनं कधी केलं नव्हतं. ते हात आता उठून चूल पेटवतील असं वाटत होतं.

चेहऱ्याला तिनं बारीक ब्रश लावला नाही. वरवर एक पातळ थर ओढला, वार्निश मारतात तसा, एकही फटकारा न उठवता. मशीननं दिलं होतं तसं ते तोंड गुळगुळीत राहिलं. टेबलावरून उठताना तिला इतकं हलकं वाटलं की स्टेशनवर तिनं स्वतःला एक वडापाव घेतला.

शनिवारी मनस्वी चित्र घेऊन आली. ओटीवरच्या मधल्या भिंतीला खिळा ठोकला. कुंडलिक समोर उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मग मागच्या दारानं गोठ्यात गेला. रंभा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला हवं होतं की त्यानं म्हणावं, हे हात तुझे आहेत. बावीस वर्षं त्या हातचं खाल्लं त्यानं.

"आये, तुमच्याच शेडमधे गेलं होतं म्हणे. तू केलंस का?" मनस्वीनं विचारलं.

"माझ्याच टेबलावर आलं."

"कसं झालंय गो?"

"चांगलं झालंय."

रविवारी दुपारी हळद. मांडव पाहुण्यांनी भरला. मुरबाडकडून, किन्हवलीकडून जीपा आल्या. चारच्या सुमाराला चांगुणेचा भाऊ रघू आला. मनस्वीचा मामा. उद्या मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं त्यालाच उभं राहायचं होतं. डोक्याला फेटा, हातात भाचीचं पातळ. चपला काढून तो ओटीवर चढला, बहिणीला नमस्कार करायला हात जोडले आणि तसाच राहिला.

"ह्ये काय?"

त्याचे डोळे चित्रातल्या गळ्यावर अडले.

"माझे बहिनीच्या गल्यात टाक कोनी घातला?" त्याचा आवाज चढला. "कोनाची दुसरी होती ती? सांगा ना! आमी पोर दिली ती पयलेपनाची दिली. मेल्यावर तिला सवतीची केली?"

मांडवातल्या बायका उठून दाराशी आल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. "अगो खरंच गो. टाक हाय."

"न किती उठून दिसतोय!"

"सवतच त्या कारखान्यात कामाला हाय," रघू म्हणाला. रंभाकडे तो बघतही नव्हता. "तिचे हातचं काम. आनखी काय व्हनार? भाऊजी, उद्या पोरीच्या मागं उभा करायला दुसरा मामा बघा. माझं काय काम नाय हितं."

कुंडलिकचं तोंड उतरलं. रंभा चुलीकडच्या दारात उभी होती. तिला वाटलं होतं, चार बायका कुजबुजतील, हसतील. चांगुणेचं जरा हसं होईल. मामा उठून जाईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मनस्वी पुढे आली. पिवळं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या अजून नव्हत्या. "मामा, तिनं नाय केलं. मी केलं. फोटो मी दिले."

"तू गप बस. तू पोर हायस."

"फोटोवाला बोलला, तोंड आहे, अंग नाय, कोणाचं तरी अंग आणा. त्याच्याकडं होती ती सगळी सिरियलमधल्या बायकांची. मग मी आयेचं दिलं." तिनं डोळे पुसले नाहीत, फक्त नाक ओढलं. "दुसऱ्या कोणाचं देणार होते मी? टाकाचं माझ्या लक्षातच नाय आलं. तो तिथं असतोच."

रघूनं हातातलं पातळ या काखेतून त्या काखेत घेतलं. पण फेटा काही डोक्यावरून उतरवला नाही. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाजेवरून अंबूबाईचा आवाज आला. ऐंशी वर्षं, डोळ्यांत मोतीबिंदू, चित्र तिला दिसतही नव्हतं.

"रघ्या, बोंबलतोस काय रे? हळदीचा टाइम चालला. नवरीला हळद लावायच्या आधी चांगुणेला लावा. पयली हळद तिची. रंभे! कुठं हायस? आधी तिला."

आधी तिला. बावीस वर्षं हे दोन शब्द ऐकले की रंभा मुद्दाम सावकाश उठायची. आज मात्र ती त्यांच्यावर झडप घालावी तशी धावली. तिनं हळदीचं ताट उचललं, चित्रापुढे उभी राहिली आणि तेलात कालवलेली घट्ट हळद चिमटीत घेऊन टाकावर लावली. दाबून, चोळून. तिनंच चढवलेल्या जाड जेलच्या खाचाखाचांत हळद बसली. दोन ठिपके बुजले, रेघ बुजली, चांदीचा पांढरा रंग बुजला. कडेनं तिनं बोट फिरवलं. आता तिथं पिवळाधमक वाटोळा दागिना होता.

"अगो, सोन्याची पुतळी दिसते!" एक बाई म्हणाली.

"बघू... हां गो. पुतळीच."

रघू जवळ आला. डोळे बारीक करून बघितलं. बहिणीला पहिली हळद लागली होती, तीही सवतीच्या हातानं, भर मांडवात. आता रागवायला जागा कुठे होती? तो "बरं" म्हणाला आणि फेटा काढून मांडीवर घेऊन खाली बसला. "चहा टाका गो कोनीतरी," असंही म्हणाला.

रंभा ताट खाली ठेवायला वाकली. पण मनस्वीनं ताटात हात घातला होता. "मी पण लावते," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी चांगुणेच्या गालांना हळद लावली.

हळद टिकेना. गुळगुळीत तोंडावरून तेलकट हळद घसरली, हनुवटीवरून ओघळली आणि खालच्या हातांवर पडली. तिथं मात्र ती धरून राहिली, पेरापेरांत, नखाच्या रेघेत. मनस्वीनं पुन्हा लावली. पुन्हा घसरली. तिनं चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग हातांवरून फिरवलं. पुन्हा चेहऱ्यावरून.

ती रंभाच्या घरात वाढली होती. कॅलेंडरच्या गणपतीवर लहानपणापासून नाही तरी गेली चार वर्षं तिनं बोट फिरवलं होतं. तिला कळायला वेळ लागला नाही.

"आये," ती हळू आवाजात म्हणाली, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशी, "तोंडाचं काम केलंच नायस तू."

रंभानं पदरानं चित्राचं तोंड पुसलं. "राहिलं ते."

"राहिलं?"

"राहिलं."

मनस्वी तिच्याकडे बघत होती. रागानं नाही. एखाद्या लहान पोराच्या खिशात चोरलेली चिंच सापडावी तशी. "मग करून टाक," ती म्हणाली आणि पाटावर जाऊन बसली. बायकांनी गाणं धरलं.

सोमवारी पहाटे रंभा सगळ्यांच्या आधी उठली. चूल पेटवली, पाणी ठेवलं, अंघोळ केली. मनस्वीचं आटपेपर्यंत सात वाजत आले. मग रंभानं फळीवरून दह्याचा डबा काढला, बारीक ब्रश काढला, आणि चित्राखाली स्टूल ओढलं.

जवळून चांगुणा आणखी तरुण दिसत होती. ओठांच्या कोपऱ्यातलं ते अडवलेलं हसू. रंभाच्या मनात तीच जुनी कळ उठली, सवयीनं. कुठून सुरू करावं? कपाळापासून करायचा रिवाज. पण ब्रश हनुवटीपाशी गेला, कारण ती हनुवटी तिच्या ओळखीची होती. मधोमध बारीक खळगा, मनस्वीला आहे तसाच. तो खळगा तिनं बावीस वर्षं धुतला होता, त्यातला भात पुसला होता, त्याला धरून वेण्या घातल्या होत्या. हात आपोआप वळला. मग गाल, तेही ओळखीचे. नाकाचा शेंडा. डोळे सोडले. पण पापण्यांच्या कडेनं, भुवयांवर, कपाळाच्या कुंकवाभोवती एकेक फटकारा तिनं मोजून मारला. टाकावरची हळद पुसली नाही, वरून जेलचा एक हात दिला. आता ती पुतळी कायमची झाली.

स्टुलावरून उतरून तिनं बघितलं. हातांना, लुगड्याला काही झालं नव्हतं. चेहरा मात्र दुधात बुडवल्यासारखा पांढरा. नाक नाही, ओठ नाहीत, हसू नाही. पांढऱ्यातून दोन डोळे तेवढे. टाकावरच्या दोन ठिपक्यांसारखे.

आठला जीप दारात लागली. आतून बायकांचा गलका आला आणि शालू नेसलेली मनस्वी ओटीवर आली. मागे रघूमामा, कुंडलिक, भिंतीला धरून अंबूबाई. रंभा चित्राखालीच उभी होती, ब्रश अजून हातात.

मनस्वीनं वर बघितलं. मग ब्रशकडे. मग रंभाकडे.

"आता केलंस?"

"तूच बोललीस ना, करून टाक."

"किती टाइम लागतो सुकायला?"

"चार तास."

मनस्वीनं मनात हिशेब केला असावा. चित्रातलं तोंड दिसायला लागेपर्यंत तिकडे मुरबाडच्या हॉलमध्ये मुहूर्ताची वेळ होत आलेली असणार होती. जेलला किती वेळ लागतो हे रंभाएवढं कोणाला ठाऊक होतं? मनस्वीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिथंच अडलं, चित्रातल्यासारखं.

"काय गो झालंय तिच्या तोंडाला?" एक पाहुणी म्हणाली.

"ओलं हाय," मनस्वी म्हणाली. "सुकू दे तिचं. तवर आयेच्या पडते."

आणि ती वाकली. शालूचे काठ जमिनीला टेकले. तिचं डोकं रंभाच्या पायांवर आलं तेव्हा रंभाच्या हातातल्या ब्रशचा एक पांढरा थेंब तिच्या गजऱ्यावर पडला. रंभानं तो बोटानं टिपला. "नीट रहा," एवढंच म्हणाली.

मग मनस्वी वळली आणि चित्रालाही वाकून नमस्कार केला. तोंड दिसत नव्हतं, तर तिनं चित्रातल्या हातांना कपाळ लावलं. रंभानं ते बघितलं. अंबूबाईनं विचारलं, "पडली का पाया? आधी कोनाच्या?" रघूमामा चपला शोधत होता.

संध्याकाळी मुरबाडहून परत आले तेव्हा घर रिकामं होतं. मांडवाच्या खुर्च्या एकावर एक चढवलेल्या. रंभानं ओटीवरचा दिवा लावला आणि न बघायचं ठरवून बघितलं.

चेहरा सुकला होता. गालांवर गोलाई आली होती, कपाळानं उजेड धरला होता, हनुवटीचा खळगा जिवंत उतरला होता. शेडमध्ये तिनं केलेल्या शेकडो चित्रांत असं एकही नव्हतं. हनुमानशेठनं बघितलं असतं तर सगळ्या पोरींना उभं करून दाखवलं असतं. ओठांच्या कोपऱ्यातलं हसू आता अडलेलं वाटत नव्हतं.

"लई चांगलं झालंय," मागून कुंडलिक म्हणाला. मग जवळ येऊन, "हात तुझे हायेत ना ते?"

रंभानं मान वळवली नाही. गळ्यातला टाक तिनं पदराखाली सारला.

"आता दिसले व्हय?" ती म्हणाली, आणि भाताला पाणी ठेवायला आत गेली.